पुढची बाजू की पाठ? जुन्या बेसबॉल कार्डांच्या वर्गवारीवरून संग्राहक का भांडतात

प्रश्न थोडक्यात असा: "पेनसिल्व्हेनियात एका घरसामानाच्या विक्रीत जुना अल्बम घेतला. त्यात पाठीवर 'कूपन' सिगारेटची जाहिरात असलेलं एक बेसबॉल कार्ड निघालं. एक डीलर म्हणाला, हे टी२१३. दुसरा म्हणाला, नावाला टी२१३, खरं तर टी२०६च. लीफ कंपनीचंही एक कार्ड आहे, ते कुणी १९४८चं सांगतं, कुणी १९४९चं. इतकी वर्षं लोक ही कार्डं जमवतायत, तरी साध्या गोष्टींवर एकमत का नाही? आणि मी कुणाचं ऐकू?"

मी न्यू जर्सीत राहतो. जुन्या कार्डांची खरेदी-विक्री आणि लिलावांसाठी त्यांच्या याद्या करणं हे काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे हे वाद माझ्या टेबलावर रोज असतात. तुमचे दोन्ही डीलर बरोबर आहेत. तुम्ही एकच प्रश्न विचारला, आणि त्यांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. एकाने सांगितलं की हे कार्ड कॅटलॉगात कुठे सापडेल. दुसऱ्याने सांगितलं की ते कुणी, कधी आणि कशाबरोबर छापलं.

बेसबॉल कार्ड म्हणजे सिगारेट, च्युइंगगम अशा मालाबरोबर मिळणारं, खेळाडूचं चित्र छापलेलं छोटं कार्ड. टी२०६, टी२१३ हे अशा कार्डांच्या संचांचे नंबर, आणि ते दिले जेफरसन बर्डिक या गृहस्थाने. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावचा हा माणूस विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करायचा आणि संधिवाताने बेजार होता. १९३९ साली त्याने अमेरिकेतल्या छापील कार्डांची पहिली यादी काढली, तीच पुढे 'अमेरिकन कार्ड कॅटलॉग' म्हणून ओळखली गेली. अक्षरावरून प्रकार कळावा अशी त्याची पद्धत होती. एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, टी म्हणजे विसाव्या शतकातली. ई म्हणजे सुरुवातीच्या काळातली मिठाई-गोळ्यांची, आर म्हणजे नंतरची च्युइंगगमची, डी बेकरीची, एम मासिकं-वर्तमानपत्रांची, डब्ल्यू म्हणजे पट्टीत छापून कापायची आणि इतर किरकोळ. बेसबॉल हा त्याच्या पसाऱ्यातला एक कोपरा होता. नट्या, पक्षी, झेंडे, जाहिरातींची कार्डं, सगळं तो जमवायचा. ३ लाखांहून जास्त नगांचा हा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला, शेवटची वर्षं तिथे बसून ती कार्डं अल्बमांत चिकटवली आणि १९६३मध्ये तो गेला. त्यातली बेसबॉलची कार्डंच ३० हजारांवर आहेत.

बर्डिकला हवी होती ती वस्तू सापडण्याची सोय. त्याचा नंबर आपल्याकडच्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखा आहे: जमीन कुठे आहे ते कळतं, भाऊबंदकी त्याने मिटत नाही. पुढच्या पिढ्यांनी मात्र तो नंबर कुळाचा दाखला असल्यासारखा वापरला, आणि तिथून भांडण सुरू झालं.

आता तुमचं कार्ड. टी२०६ हा या छंदातला सगळ्यात गाजलेला संच. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या वेगवेगळ्या ब्रँडच्या पाकिटांतून ही पांढऱ्या किनारीची कार्डं आली. पुढे खेळाडूचं रंगीत छापील चित्र, खाली तपकिरी अक्षरांत आडनाव आणि गाव, पाठीवर ब्रँडची जाहिरात. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरलच्या पाठी ढिगाने मिळतात. ड्रम, उझिट, ब्रॉड लीफ या पाठींसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. ब्रँड वेगळे असले तरी पुढची चित्रं तीच आहेत म्हणून बर्डिकने सगळ्यांना एकच नंबर दिला. म्हणजे इथे त्याने पुढची बाजू पाहिली.

कूपनच्या बाबतीत त्याने पाठ पाहिली. कूपन सिगारेटने तीन वेळा कार्डं काढली. पहिली १९१०च्या सुमाराची, दुसरी १९१४च्या पुढची, तिसरी १९१९ची. ब्रँड एक, म्हणून बर्डिकने तिन्ही टी२१३मध्ये टाकली. आज आपण त्यांना टी२१३-१, २ आणि ३ म्हणतो. पहिल्या खेपेतली ६८ कार्डं टी२०६च्याच चित्रांची आहेत, अक्षरं तशीच तपकिरी, काळही तोच. दुसऱ्या खेपेत अक्षरं निळी झाली, आणि काही खेळाडूंच्या नावाखाली फेडरल लीगचे संघ आले. ही लीग मोठ्या दर्जाची म्हणून १९१४ आणि १९१५ अशी दोनच वर्षं चालली, त्यामुळे ती कार्डं त्याआधीची असूच शकत नाहीत. मग टी२१३-१चं नातं कुणाशी? पाठीवरचं नाव जुळतं म्हणून चार-नऊ वर्षांनंतरच्या निळ्या अक्षरांच्या कार्डांशी, की त्याच काळात त्याच चित्रांवरून छापलेल्या टी२०६शी?

माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. विरोधक कागदाचा मुद्दा काढतात, की कूपनच्या पहिल्या खेपेचा कागद टी२०६पेक्षा पातळ आहे. पातळ आहे हे खरंच, हातात घेतलं की कळतं. पण कागद वेगळा वापरला म्हणजे संच वेगळा ठरत नाही. टी२०६मध्ये पोलर बेअर हा ब्रँड आहे. तो सिगारेटचा नव्हता, सुट्या तंबाखूचा होता. ती कार्डं तंबाखूतच पडून राहायची, म्हणून अनेकांवर डाग असतात. सिगारेटचं पाकीट नाही म्हणून पोलर बेअरला कुणी घराबाहेर काढलं नाही. मग कूपनवरच एवढी सोवळ्याची अट का?

कुणी, कधी, कशाबरोबर छापलं याच न्यायाने एक कार्ड टी२०६मधून बाहेर जायला हवं, आणि ते नेमकं सगळ्यात महागड्यांपैकी एक आहे. टाय कॉब या खेळाडूच्या नावानेच एक तंबाखू निघाली होती. त्या ब्रँडची पाठ फक्त एकाच चित्रामागे सापडते, ते म्हणजे लाल पार्श्वभूमीचं कॉबचं पोर्ट्रेट. पुढच्या बाजूला चकाकी असते, ती बाकी टी२०६वर नसते. २०१६मध्ये दक्षिणेतल्या एका घरात पणजोबांच्या वेळच्या सामानात, कागदी पिशवीत अशी सात कार्डं एकदम निघाली, तोवर ती फारच थोडी माहीत होती. एकच खेळाडू, वेगळा मुलामा, वेगळं वाटप. जाहिरातीसाठी स्वतंत्र काढलेलं कार्ड म्हणायला याहून जास्त पुरावा काय हवा? तरी ते टी२०६चा सोळावा ब्रँड म्हणूनच मोजलं जातं. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी लाखो डॉलर टी२०६ या नावाचे मोजलेत, आणि सोळा पाठी पूर्ण करायला निघालेल्यांना सोळावी पाठ हवी आहे. ते वेगळं मानावं असं म्हणणारे बहुतेक जण माझ्यासारखे, ज्यांच्याकडे ते कार्ड नाही.

संच पूर्ण कधी झाला, यावरही तंटा आहे. रूढ यादी ५२४ कार्डांची. त्यात १३४ कार्डं छोट्या लीगमधल्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मोठ्या लीगखालच्या, खेळाडूंची. पण होनस वॅग्नर, एडी प्लँक, 'मॅजी' आणि 'डॉयल' ही चार कार्डं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची, म्हणून ५२०वर संच पुरा धरायची पद्धत पडली. वॅग्नरचं एक कार्ड २०२२मध्ये ७२.५ लाख डॉलरला गेलं. तेव्हा ५२०वाल्यांना मी कधी टोकत नाही.

'मॅजी' आणि 'डॉयल'मुळे पुढचा वाद निघतो: चूक कुठे संपते आणि वेगळं कार्ड कुठे सुरू होतं? फिलाडेल्फियाच्या शेरी मॅगीचं नाव सुरुवातीला चुकीच्या स्पेलिंगने छापलं गेलं, पुढे दुरुस्त झालं. जो डॉयल हा अमेरिकन लीगमधल्या न्यूयॉर्क संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याच्या चित्राखाली नॅशनल लीग असं पडलं, कारण तिकडच्या न्यूयॉर्क संघात लॅरी डॉयल होता. नंतर 'नॅशनल'चं संक्षिप्त रूप काढून टाकलं. दोन्हीकडे छापखान्यात कुणीतरी चूक पाहिली आणि मुद्दाम बदल केला. हे वेगळं कार्ड, यावर फारसं दुमत नाही. पण त्याच टी२०६मध्ये स्नॉडग्रास नावाच्या खेळाडूच्या काही कार्डांवर पहिलं 'एस' अक्षर उमटलेलंच नाही. तसंच टॉप्स या च्युइंगगम कंपनीच्या १९५८च्या संचातलं ४३३ नंबरचं पांचो हेरेरा. काही प्रतींवर शेवटचं 'ए' नाही, काहींवर अर्धवट आहे. छापताना काहीतरी आड आलं एवढंच. तिथे दुरुस्ती नाही, निर्णयही नाही. तरी 'हेरेर' हे स्वतंत्र नाव ग्रेडिंग कंपन्यांच्या, म्हणजे कार्ड तपासून दर्जा देणाऱ्यांच्या, लेबलवर येतं, आणि साध्या कार्डाच्या कैक पट भाव घेतं.

माझी कसोटी साधी आहे: बदल कुणी ठरवून केला का? केला असेल तर ते वेगळं कार्ड. नसेल तर तो छपाईचा दोष, कितीही वेळा दिसला तरी. या कसोटीला अडचणीत आणणारं एक कार्ड आहे, तेही सांगतो. १९५२च्या टॉप्समधलं ३११ नंबरचं मिकी मँटल. छपाईच्या मोठ्या कागदावर हे कार्ड दोनदा बसवलं होतं, जॅकी रॉबिन्सन आणि बॉबी थॉमसन यांचीही तीच गत. दोन जागांसाठी दोन वेगळ्या प्रतिमा तयार झाल्या, म्हणून पाठीवर नंबराभोवती जो चेंडू काढलाय, त्याच्या टाक्यांची दिशा दोन प्रकारांत वेगळी दिसते. बदल कुणी ठरवला नाही, दोषही नाही, पण दोन मँटल आहेत हे भिंगाने कुणालाही दिसतं. यादी करताना मी प्रकार लिहितो. संच पुरा व्हायला दोन्ही लागतात असं मात्र मानत नाही. यावरून माझे दोन जुने गिऱ्हाईक माझ्याशी बोलायचे थांबले होते, काही काळ.

आता सालाचा प्रश्न, म्हणजे तुमचं लीफचं कार्ड. शिकागोच्या लीफ कंपनीने ९८ कार्डांचा संच काढला. नंबर मात्र १६८पर्यंत जातात, मध्ये मोठमोठ्या फटी, आणि निम्मी कार्डं फारच कमी छापलेली. पाठीवर काहींना १९४८चा कॉपीराइट आहे, काहींना १९४९चा. पिढ्यानपिढ्या याला '१९४८ लीफ' म्हटलं गेलं. पण या संचात सॅचेल पेज आहे क्लीव्हलँड संघाचा म्हणून, आणि पेजला क्लीव्हलँडने घेतलं १९४८च्या जुलैत. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला हा संच दुकानात होता ही गोष्ट तिथेच बाद होते. सगळा पुरावा एकत्र ठेवला तर मी १९४९ म्हणेन.

एका वर्षाने काय बिघडतं? स्टॅन म्युझियलचं उदाहरण घ्या. १९४१पासून मोठ्या लीगमध्ये खेळणारा हा माणूस, पण महायुद्धाच्या काळात कार्डं जवळजवळ बंद होती, म्हणून त्याचं 'रुकी', म्हणजे नवखेपणीचं पहिलं, कार्ड १९४८चं मानतात. बोमन या दुसऱ्या कंपनीचंही आणि लीफचंही. लीफ १९४९मध्ये गेलं की त्याचं रुकीपण गेलं, बोमन एकटं उरलं. उलट जॅकी रॉबिन्सनचं बोमनमधलं पहिलं कार्ड १९४९चं. लीफ १९४८चं धरलं तर लीफ आधीचं, १९४९चं धरलं तर दोघं बरोबरीला. आणि या दोन्हींच्या आधी १९४७मध्ये बाँड ब्रेडने जॅकीची १३ कार्डं काढली होती, ती ब्रेडबरोबरची जाहिरात म्हणून अनेक वर्षं दाराबाहेर उभी केली गेली. सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड चालतं आणि ब्रेडचं चालत नाही, हे तर्कशास्त्र मला कुणी अजून समजावलेलं नाही.

सालाबाबत हेच लोक दुसरीकडे किती उदार असतात ते पाहा. १९३३च्या गाउडी च्युइंगगमच्या संचात २४० कार्डं, पण १०६ नंबर छापलाच नव्हता. मुलं गम विकत घेत राहिली, नंबर काही येईना. तक्रारीची पत्रं गेली, तेव्हा कंपनीने १९३४मध्ये नॅप लाजोईचं कार्ड छापून लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवलं. लाजोई मोठ्या लीगमध्ये शेवटचा खेळला तो १९१६मध्ये! छापलं १९३४मध्ये, पाकिटात कधी आलंच नाही, तरी ते '१९३३ गाउडी' हे सगळ्यांना मान्य, कारण पाठीवर १०६ आहे. तिथे नंबराने साल ठरवलं. लीफमध्ये नंबर मुका आहे, म्हणून साल उकरावं लागतं.

साल आणि पाठ हे दोन्ही तंटे एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर बेब रूथचं १५१ नंबरचं कार्ड घ्या. शिकागोच्या फेलिक्स मेंडेलसोनने २०० कार्डांचे दोन जवळजवळ सारखे संच छापले आणि पाठ कोरी ठेवून ज्याला हवी त्याला जाहिरात छापून दिली: क्रीडा साप्ताहिक, कपड्यांचं मोठं दुकान, बिस्किटवाले, बेकऱ्या. बर्डिकने मुख्य नंबर 'स्पोर्टिंग न्यूज' या साप्ताहिकावरून दिले, एम१०१-४ आणि एम१०१-५. बिस्किटवाल्यांना मात्र डी अक्षराखाली वेगळा नंबर मिळाला. पुढची बाजू तीच, रूथ तोच, आणि अक्षर बदललं. यातला एक संच बराच काळ १९१५चा मानला जायचा. संग्राहकांनीच खेळाडूंच्या बदल्या-विक्रीच्या तारखा लावून पाहिल्या, तेव्हा दोन्ही १९१६चे ठरले. हे काम मला या छंदातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. कुणाला पैसे मिळाले नाहीत, उलट '१९१५ रूथ' म्हणून घेतलेल्यांचा रोषच मिळाला.

पण ते रूथचं पहिलं कार्ड आहे का? १९१४मध्ये 'बाल्टिमोर न्यूज' या वर्तमानपत्राने स्थानिक संघाची कार्डं काढली, पाठीवर सामन्यांचं वेळापत्रक. त्यात १९ वर्षांचा रूथ आहे. तेव्हा तो छोट्या लीगमध्ये होता, म्हणून शुद्धतावादी याला रुकी म्हणत नाहीत. २०२३च्या डिसेंबरात यातलं एक ७२ लाख डॉलरला गेलं, म्हणजे पैसेवाल्यांनी आपलं मत दिलं. रुकीची काटेकोर व्याख्या, म्हणजे मोठ्या लीगमधला, देशभर वाटलेला, पाकिटातून आलेला संच, ही १९८०च्या दशकात भावपुस्तिकांनी घडवली. ती तेव्हाच्या नव्या कार्डांसाठी ठीक होती. १९०७च्या डेट्रॉइटच्या पोस्टकार्डांवरचा टाय कॉब किंवा १९२५मध्ये शिकागोच्या एक्झिबिट सप्लाय कंपनीने नाणं टाकायच्या यंत्रातून विकलेला पोस्टकार्डाएवढा लू गेरिग यांना ती लावायला गेलं की अंगरखा कुठे ना कुठे उसवतोच. आणि सॅचेल पेज? १९४८मध्ये ४२व्या वर्षी मोठ्या लीगमध्ये आला म्हणून 'रुकी'. त्याआधी २० वर्षं तो निग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये, फलंदाजांची भंबेरी उडवत होता. २०२०च्या डिसेंबरात मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८मधल्या सात निग्रो लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला. दर्जा बदलला, व्याख्या तशीच आहे. माझ्या मते तिथे रुकी हा शब्द वापरूच नये. 'पहिलं ज्ञात कार्ड' लिहावं आणि वर्ष द्यावं.

'व्हिंटेज' कुठवर, या प्रश्नावर जास्त वेळ घालवू नका. मी १९७३ धरतो, कारण तोवर टॉप्स हंगामात टप्प्याटप्प्याने कार्डं काढायची, १९७४पासून सगळी एकदम आली. दुसरे १९८० धरतात, कारण १९८१मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बाजारात उतरल्या. दोन्ही चालतं.

मग ग्रेडिंग कंपन्या हे सगळं एकदा दुरुस्त का करत नाहीत? कारण त्यांच्या लेबलांखाली लाखो कार्डं बंद आहेत. उद्या टी२१३-१ला टी२०६ म्हटलं तर टी२०६चे सगळे जुने आकडे, किती कार्डं तपासली, कुठल्या पाठीची किती, हे सगळं फिरतं. लोकांनी या कंपन्यांकडे नोंदवलेले संच अपुरे पडतात, आणि लोक वकिलाकडे जातात. लेबल हा बाजाराचा करार आहे, इतिहासाचा निकाल नव्हे. एक उदाहरण पुरे. पीएसए कंपनीने १९९१मध्ये तपासलेलं अगदी पहिलं कार्ड टी२०६ वॅग्नरच होतं, दर्जा दहापैकी ८. पुढे लिलाव व्यावसायिक बिल मॅस्ट्रोने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला आकडी दर्जा द्यायचा नाही हा नियम. ते कार्ड आजही ८ म्हणूनच ओळखलं जातं.

आता तुम्ही काय करायचं ते. कूपनच्या कार्डावर नाव तपकिरी आहे की निळं ते दिवसाच्या उजेडात पाहा. दिव्याखाली विटलेला निळा फसवतो. तपकिरी असेल तर पहिली खेप. कडांवर भिंग फिरवा, पातळ कागद असल्याने ही कार्डं कापलेलीही बरीच निघतात. अल्बममधून काढताना गोंद असेल तर ओढू नका आणि पाणी लावायचा प्रयोग घरी करू नका. लीफच्या पाठीवरचं कॉपीराइटचं साल जसंच्या तसं टिपून ठेवा, कारण ते प्रत्येक कार्डाचं वेगळं असू शकतं. स्वतःच्या वहीत दोन रकाने करा: कॅटलॉगचा नंबर एकीकडे, आणि छपाई, साल, पाठ याबद्दल तुम्हाला जे पटलं ते दुसरीकडे. विकायला काढलंत तर मात्र शीर्षकात टी२१३-१ आणि १९४८ लीफ असंच लिहा. टी२०६वाले कूपनच्या शोधात तिथे आपणहून येतात. उलट टी२०६ म्हणून टाकलंत तर फसवल्याची पहिली तक्रार तासाभरात येईल.